खंबाटकीचे वळण आणि मोरीतला पाला

१० एप्रिल २०१८ च्या पहाटे सातारा जिल्ह्यातल्या खंबाटकी घाटाचा बोगदा ओलांडून पुण्याच्या बाजूला उतरणारे एक मालवाहू वाहन 'एस' वळणावर कठड्याला धडकून उलटले. मागे सामानासोबत मजूर बसले होते. विजयपूरकडून कामासाठी निघालेल्या त्या माणसांपैकी १८ जण दगावले. अशा अपघाताच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते: चालकाचा ताबा सुटला.

वाक्य खोटे नसते. पण वेगवेगळ्या गावच्या, वेगवेगळ्या वयाच्या चालकांचा ताबा वर्षानुवर्षे त्याच एका वळणावर सुटत असेल, तर वळणालाही चार प्रश्न विचारायला हवेत. आपल्याकडे ते विचारायला फार उशीर झाला. रस्त्याची निगा एका खात्याकडे, चालकाची शिस्त दुसऱ्या खात्याकडे, आणि दोघांची कागदपत्रे कित्येक दशके एकमेकांना भेटलीच नाहीत. सातारा जिल्ह्यात ही गोष्ट जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच कुठे दिसेल. पश्चिमेला महाबळेश्वरचा धो धो पाऊस, पूर्वेला माण-खटावचा कोरडा पट्टा, मधून पुणे-बंगळूर महामार्ग आणि खंबाटकी, पसरणी, केळघर, आंबेनळी, कुंभार्ली असे घाटच घाट. रस्त्याला जे जे म्हणून भोगावे लागते ते सगळे या एका जिल्ह्यात आहे.

साताऱ्याहून महाबळेश्वरला जाणारा रस्ता छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या काळातला, म्हणजे संस्थान खालसा होण्याच्या आधीचा. पुढे १८४८-४९ मध्ये संस्थान गेले, आणि १८५४ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने सार्वजनिक बांधकाम खाते उभे केले. त्याआधी रस्ते-पुलांचे काम लष्करी मंडळाच्या हाती होते. नव्या खात्याला रस्ते हवे होते ते फौज, टपाल आणि माल यांच्यासाठी. गाडी बैलाची, वेग बैलाचा. त्या वेगात वळण किती तीव्र आहे याने फारसा फरक पडत नसे. चढ किती आहे आणि पाणी कुठून जाणार, याने पडे. म्हणून जुन्या घाटरस्त्यांची आखणी पाहिली तर चढ सांभाळलेला दिसतो आणि वळणे मात्र डोंगर नेईल तशी. पुढे त्याच आखणीवर आपण डांबर टाकले आणि त्यावरून मोटारी सोडल्या.

या खात्याने निर्माण केलेला माझ्या मते सर्वांत मोलाचा माणूस म्हणजे मैलकुली. कागदोपत्री त्याची नावे बदलत गेली, पण गावात तो मैलकुलीच. ठरावीक मैलांचा रस्ता त्याच्या अंगावर. फावडे, घमेले, कुदळ, पाटी. वर मुकादम, त्याच्यावर मिस्त्री, मग शाखा अभियंता. साईडपट्टी, म्हणजे डांबराच्या कडेचा कच्चा पट्टा, मुरूम टाकून रस्त्याच्या बरोबरीला आणायची, गटारे उपसायची, मोऱ्या (रस्त्याखालून पाणी नेणारे नळ) मोकळ्या करायच्या, झाडांना गेरू-चुना लावायचा, मैलाचे दगड रंगवायचे आणि खड्डा लहान असतानाच भरायचा. यातली अनेक माणसे वर्षानुवर्षे रोजंदारीवर राबली. सलग पाच वर्षे भरल्यावर खात्यातल्या रोजंदारांसाठीच्या कालेलकर कराराखाली कायम होण्याची वाट पाहत.

मैलकुलीचे खरे काम मे महिन्यात दिसायचे. लहानपणी मेढ्याच्या रस्त्यावर एका मोरीपाशी मी ते पाहिले आहे. नळ दोनेक फुटांचा. आत वर्षभराचा पाला, माती, कुणीतरी टाकलेली फाटकी गोणी. मैलकुली आडवा पडून अर्धा आत शिरला आणि हाताने ओढून ओढून सगळे बाहेर काढले. मग पलीकडून बादलीभर पाणी ओतले आणि ते या बाजूने वाहून आल्यावरच उठला. तेव्हा ते मला नुसते घाण उपसणे वाटले होते. डांबराचा खरा वैरी पाणी आहे, हे कळायला बरीच वर्षे जावी लागली. मोरी तुंबली की पाणी रस्त्यावरून जाते, साईडपट्टी खाते, डांबराच्या कडेखाली शिरते. खालचा मुरूम वाहून जातो आणि वरचा थर पापुद्र्यासारखा अधांतरी राहतो. मग ऊस भरलेला ट्रक त्यावरून गेला की रात्रीत खड्डा. पूर्वेकडे काळ्या मातीची तऱ्हा वेगळी; ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि वरच्या रस्त्यालाही सोबत भेगाळते.

मोटारी वाढल्या तशी पैशाची बाजू बदलली. १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. रस्ते हा आता एकट्या स्थानिक संस्थांना पेलणारा विषय नाही, पेट्रोलवर कर बसवून निधी उभारा, असे तिने सांगितले. १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आला, १९३४ मध्ये रस्त्यांचे निकष ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस. १९४३ च्या नागपूर योजनेने राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण अशी रस्त्यांची वर्गवारी ठरवून दिली, आणि शेतीच्या विकसित भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून लांब नसावे, असे उद्दिष्ट ठेवले. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि खालच्या दर्जाचे बरेच रस्ते त्यांच्याकडे गेले. आजही रस्ता कुणाचा हे ओळखायचे असेल तर कडेचा दगड पाहा: पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य महामार्गाचा, केशरी ग्रामसडक योजनेचा.

यात १९७२ चा दुष्काळ विसरून चालणार नाही. माण-खटावच्या कितीतरी रस्त्यांची खडी त्या काळात बायाबापड्यांनी उन्हात बसून फोडली आहे. रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, आणि तिचा पहिला प्रयोगही तासगाव तालुक्यातला. त्या कामांचा हेतू माणसे जगवणे हा होता आणि ती जगली. रस्ते मात्र जमीन मिळेल तसे, बांधाबांधाने गेले. एखाद्याच्या शेताच्या कोपऱ्याला काटकोनात वळणारा रस्ता आजही दिसतो. त्यावर चकचकीत डांबरीकरण झाले की तरुण पोरांच्या दुचाकी तिथेच घसरतात. सुधारणेने वेग दिला, वळण तेच राहिले.

आता दुसरे खाते, चालकाच्या शिस्तीचे. मोटार वाहनांचा पहिला देशव्यापी कायदा १९१४ चा, मग १९३९ चा, मग १९८८ चा, जो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. परवाना, नोंदणी, विमा, वेगमर्यादा, दंड हा या कायद्यांचा गाभा. रस्ता सुरक्षा सप्ताह सुरू झाला, २०२१ मध्ये त्याचा महिना झाला. शाळांतून चित्रकला स्पर्धा, हेल्मेटच्या फेऱ्या, नेत्रतपासणी शिबिरे, एसटीच्या विनाअपघात सेवा करणाऱ्या चालकांचा सत्कार. हे सगळे हवेच आहे. पंचवीस वर्षे घाटातून एसटी नेऊन एकही अपघात न करणाऱ्या माणसाला हार घालताना मला नेहमी भरून येते. पण या सगळ्याचा रोख एकाच दिशेला होता: चालक सुधारला की अपघात थांबतील.

महामार्ग चौपदरी झाला तेव्हा या समजाची मर्यादा उघडी पडली. चार महानगरांना जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामात खंबाटकीला साताऱ्याहून पुण्याकडे जाणाऱ्यांसाठी बोगदा मिळाला, आणि पुण्याहून येणाऱ्यांसाठी जुना घाट राहिला. बोगद्याने चढ वाचवला. पण बाहेर पडल्यावर सातारा जिल्ह्यातल्याच खंडाळ्याकडे उतार, आणि उतारावर ते वळण. बोगद्याच्या सरळ, एकसुरी रस्त्यावर बसलेला वेग, डोळ्यांवर एकदम येणारा उजेड किंवा पावसाळ्यातले धुके, आणि समोर डावी-उजवी करत मुरडणारा रस्ता. जुने चालक सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि नेमक्या वळणावर पाय दाबला तरी गाडी ऐकत नाही. चूक चालकाची आहेच. पण चांगल्या रस्त्याने माणसाच्या एका चुकीची किंमत प्राणांत मागू नये.

ही दृष्टी सरकारी भाषेत यायला २०१४ उजाडले. सर्वोच्च न्यायालयाने न्या. के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती नेमली आणि राज्यांना हिशेब द्यावा लागू लागला. अपघातप्रवण ठिकाणाची, ज्याला आपण सर्रास ब्लॅक स्पॉट म्हणतो, त्याची व्याख्या पक्की झाली: सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. एवढ्याने काय होते, असे कुणी म्हणेल. याने पोलिसांचा पंचनामा अभियंत्याच्या टेबलावर आला. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीत परिवहन, पोलीस, बांधकाम आणि महामार्गाची माणसे एका खोलीत बसून एकाच वळणाविषयी बोलू लागली. मग कुठे रम्बलर, म्हणजे वेग कमी करायला लावणारे खडबडीत आडवे पट्टे, कुठे सूचनाफलक, कुठे दुभाजकातली मोकळी जागा बंद, कुठे खालून भुयारी मार्ग. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १९८ अ हे कलम आले. रस्त्याची आखणी, बांधणी वा देखभाल निकषांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. रक्कम छोटी आहे. तरीही या कायद्यात प्रथमच चालकाच्या पलीकडे बोट दाखवले गेले, याला मी फार महत्त्व देतो. खंबाटकीत प्रत्येकी तीन मार्गिकांचे जुळे बोगदे हाती घेतले गेले, ते 'एस' वळणच वाटेतून काढून टाकण्यासाठी.

काही उपाय मात्र फार स्वस्त असतात. गळीत हंगामात कराड, सातारा, वाळवा भागात रात्री दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. मागचा दिवा नसतो, असला तर वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्यांनी, झाकलेला, आणि मागून येणाऱ्या दुचाकीला ट्रॉली दिसते तेव्हा अंतर उरलेले नसते. परिवहन कार्यालये आणि साखर कारखाने मिळून ट्रॉल्यांना लाल रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेतात. हातभर पट्टी, पण प्रकाश पडला की लांबून पेटते.

रस्त्याच्या रोजच्या निगेकडे मात्र असे लक्ष गेले नाही. मोठ्या रस्त्यांची देखभाल ठेकेदाराच्या दोषदायित्वात (ठरावीक मुदतीत दोष दुरुस्त करण्याच्या जबाबदारीत) गेली, मैलकुली निवृत्त होत गेले आणि त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ चा पूल वाहून गेला, तेव्हा राज्यभर जुन्या पुलांच्या तपासण्या झाल्या. मोऱ्यांकडे कुणाचे फारसे लक्ष गेले नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आंबेनळीचा रस्ता जागोजागी तुटला, दरडी आल्या, पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे माणसे गाडली गेली. तेवढ्या पावसापुढे कुठलीच मोरी टिकली नसती, हे मान्य. पण दरवर्षीच्या साध्या पावसाचे काय?

गेल्या जूनमध्ये मेढ्याच्या त्याच रस्त्याने गेलो. पावसाळ्यापूर्वीची सफाई जेसीबीने झाली होती; गटार रुंद, स्वच्छ, काठावर मातीचे ढीग. मोरीच्या तोंडाशी गटार संपले होते आणि पाणी रस्ता ओलांडून पलीकडे जात होते. जेसीबीचे बकेट दोन फुटांच्या नळात शिरत नाही. पाण्यासोबत आलेली बारीक खडी वळणावर पसरली होती, आणि समोरून येणारा एक दुचाकीस्वार, मागे बायको, मांडीवर लेकरू, ती चुकवायला पलीकडच्या बाजूला सरकला.