आंबोलीला कधी जायचं? तारीख ठरवण्याआधी एवढं वाचा

जून लागला की आम्हा म्हापशाच्या गाडीवाल्यांचा फोन थांबत नाही आणि प्रश्न एकच, "आंबोलीला बेस्ट टाइम कुठला?" तुम्हाला काय बघायचंय त्याच्यावर आहे सगळं. पण होतं काय, लोक आधी जुलैचा रविवार फिक्स करतात, ऑफिसात पैसे गोळा करतात आणि आदल्या रात्री विचारतात, पॉइंटवरून दरी दिसेल ना? जुलैत बहुतेक नाहीच दिसत. मग धुक्याचा राग आमच्या ड्रायव्हरवर.

धबधबा पाहिजे तर जून अखेर ते ऑगस्ट. गोव्यात पहिली सर आली म्हणून लगेच निघू नका, मेन धबधबा भरायला वर काही दिवस सलग पडावा लागतो. आपल्याकडे गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलीमीटर पाऊस, आंबोलीत त्याच्या दुपटीहून जास्त, कारण समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि आंबोली त्याच कड्यावर, 690 मीटरच्या आसपास, म्हणजे तुम्ही ढगातच फिरत असता. कावळेसाद पॉइंटला रेलिंग धरून उभं राहिलं की समोर नुसतं पांढरं आणि खाली पडणारं पाणी वाऱ्याने उलटं तोंडावर येतं. ह्याच्यासाठीच जायचं असेल तर जुलैसारखा महिना नाही, फक्त छत्री घरी ठेवा, रेनकोट आणा. बेडूक बघणारी, कॅमेरेवाली मंडळीही ह्याच दिवसांत रात्रीची जातात, त्यांना मुक्कामाची गाडी देतो.

दरी, महादेवगड, फोटो, सोबत म्हातारी माणसं असा बेत असेल तर गणपतीची चवथ आटोपू दे. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर, हिरवं तसंच, नांगरतास धबधब्याला पाणी असतं, पाऊस पडला तरी मध्ये उघडतो. आमच्या मते फॅमिलीसाठी हाच सीझन, आणि तेव्हा रेटही कमी असतो. डिसेंबर-जानेवारीत थंडी छान. मे महिन्यात करवंदं आहेत, धबधबा नाही, तेव्हा विचारू नका.

आता रविवारचं. जुलै-ऑगस्टच्या रविवारी आम्ही म्हापशाहून पहाटे साडेपाचलाच सुटतो, आठ-नऊचं बुकिंग घेत नाही. लोक म्हणतात आखडूपणा करता. अहो पण उशिरा निघालं की घाटाखालच्या दाणोलीच्या पुढे घाटात गाड्यांची रांग, धबधब्यापाशी उभं राहायला जागा नाही, अर्धा दिवस गाडीत बसून जातो आणि भाडं तेवढंच. बुधवार-गुरुवारी या, तोच धबधबा निवांत मिळेल, रेटमध्येही आम्ही थोडं सोडतो. परतताना साडेचारला गाडी हलणार म्हणजे हलणारच, धुक्यात अंधार पडल्यावर घाट उतरायचा नाही हा आमचा नियम, "आणखी एक चहा"साठी तो मोडत नाही.

आणि डिकीत दारूच्या बाटल्या नकोत. गोव्याची हद्द ओलांडली की इन्सुलीला चेकिंग असतं, एकाच्या बाटलीपायी अख्खी गाडी अडकते.

बुकिंगला फोन कराल तेव्हा तारखेच्या आधी काय बघायचंय ते सांगा, माणसं किती, लहान मुलं आहेत का तेही. घाटात ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी सावंतवाडीच्या आधीच घ्या, दाणोलीला घेऊन उपयोग नसतो, आणि पुढची सीट त्यांनाच.