दुधातला काळा रंग

दूध प्यायल्याने रंग उजळतो असं ठामपणे सांगणारे अजूनही भेटतात. पांढरं प्यायलं की पांढरं व्हायचं, एवढाच त्यामागचा तर्क. पण दुधात पांढरं रंगद्रव्य नसतंच. केसिन या प्रथिनाचे सूक्ष्म कण आणि स्निग्धांशाचे थेंब प्रकाश विखुरतात, म्हणून ते पांढरं दिसतं. पचनात हे कण मोडले की पांढरेपणाही संपला.

उरतात अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे सुटे घटक. त्यांतलं एक टायरोसिन. १८४६ साली लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला ते चीजमधल्या केसिनात सापडलं, म्हणून चीजच्या ग्रीक नावावरून त्याचं नाव पडलं. मुरलेल्या कडक चीजमध्ये दाताखाली कचकचणारे पांढरे कण लागतात, ते बरेचदा टायरोसिनचेच स्फटिक असतात. आणि त्वचेला काळेपणा देणारं मेलॅनिन बनतं तेही याच टायरोसिनपासून!

मग दूध पिऊन कुणी काळं का पडत नाही? कारण कच्चा माल कधीच कमी नसतो. शरीर टायरोसिन स्वतःही बनवतं. खरी किल्ली टायरोसिनेज या विकराकडे (एन्झाइमकडे) असते. बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या मेलॅनोसाइट पेशींत हे विकर, पोटात तांब्याचे दोन अणू धरून, टायरोसिनचं डोपाक्विनोन नावाचं संयुग करतं. पुढे त्याला सिस्टीन हे दुसरं अमिनो आम्ल भेटलं तर लालसर-पिवळं फिओमेलॅनिन, नाहीतर काळं-तपकिरी युमेलॅनिन. ते इवल्या पिशव्यांत भरून एकेक पेशी आसपासच्या तीसेक पेशींना पुरवते. गोऱ्या आणि काळ्या माणसांत या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो विकर किती जोमाने चालतं आणि पिशव्या केवढ्या, किती भरलेल्या आहेत यानं. टायरोसिनेजचं जनुक बिघडलेल्या माणसाच्या रक्तात टायरोसिन भरपूर असतं, तरी त्याची त्वचा आणि केस रंगहीन राहतात.

दुधाबरोबर मासे खाल्ल्याने कोड येतो, हीसुद्धा निव्वळ अंधश्रद्धा. कोडात स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेलॅनोसाइट मारून टाकते. रुग्णाच्या ताटावर त्याचा दोष टाकणं क्रूरपणाचं आहे.

दह्यातलं लॅक्टिक आम्ल त्वचेवर लावलं तर मृत पेशी थोड्या सुटतात, इतकंच. दुधाचा रंगाशी संबंध आलाच तर तो आडवाटेने. काही पाहण्यांत जास्त दूध पिणाऱ्यांमध्ये मुरमं अधिक आढळली आहेत, अर्थात दूधच कारण आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. पण मुरूम सुजलं की त्याखालचे मेलॅनोसाइट चेवाने कामाला लागतात, आणि पुळी बसल्यावरही काळसर डाग महिनोन्महिने मागे राहतो.