‘कट्’ आवाज आला म्हणजे दबलेली नस सुटली का?

‘मणका सरकला की नस दबते, कायरोप्रॅक्टरने (हाताने मणक्यांना झटका देऊन उपचार करणाऱ्याने) तो कट् आवाज करून जागेवर बसवला की दमा, मधुमेहही बरे होतात,’ असा संदेश अनेक वर्षे फिरत आहे.

यातला आवाज खरा आहे, त्याचा लावलेला अर्थ मात्र बरोबर नाही. सांधा ताणला गेल्यावर त्यातील द्रवावरचा दाब एकदम उतरतो, द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि त्या वेळी आवाज होतो. स्वतःचे बोट मोडून पाहावे: हाड जागचे हललेले नसते, आणि तेच बोट लगेच पुन्हा वाजत नाही, मध्ये साधारण २० मिनिटे जावी लागतात. मणक्यांच्या सांध्यांतही हेच घडते.

सगळे आजार मणक्यात शोधण्याची कल्पना १८९५ साली अमेरिकेत ही पद्धत सुरू झाली तेव्हापासूनची आहे. परंतु हृदय, फुप्फुसे आणि जठर यांच्याकडे जाणारी व्हेगस ही मोठी नस कवटीच्या तळातून निघते, मणक्यांमधून नव्हे. आणि स्वादुपिंडातील पेशी मुख्यतः रक्तातील साखरेनुसारच इन्सुलिन सोडतात.

नस खरोखर दबते, तेही बहुधा मणक्यांमधली गादी बाहेर आल्याने, तेव्हा पायाच्या किंवा हाताच्या ठरावीक पट्ट्यात कळ, मुंग्या, बधिरपणा जाणवतो, आणि एमआरआयमध्ये कारण दिसू शकते. साध्या कंबरदुखीत या उपचाराने काहींना व्यायामाइतका आराम पडतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पायातील शक्ती जाऊ लागली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र थेट रुग्णालय गाठावे.