पुणे–न्यूयॉर्क हवाई अंतर

पुणे आणि न्यूयॉर्क या शहरांमधील, पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले कमीत कमी अंतर सुमारे १२,६०० किमी आहे. रेखांशांचे आकडे योगायोगाने जवळजवळ जुळतात: पुणे ७३.९° पूर्वेला, न्यूयॉर्क ७४° पश्चिमेला.

सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागरावरून जाते. ही रेघ फसवी आहे. घरातल्या पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. तो जिथून जाईल ते बृहद्वृत्त, म्हणजे सर्वांत जवळची वाट. ही वाट पुण्याहून पश्चिमेला नव्हे, तर उत्तर-वायव्येला निघते. सिंध, क्वेट्टा, अफगाणिस्तान, कझाकस्तान, मग सेंट पीटर्सबर्ग, स्वीडन, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडचे दक्षिण टोक आणि लॅब्राडोर असा तिचा क्रम लागतो. सर्वांत उत्तरेला ती ६५° अक्षांशापर्यंत चढते; आर्क्टिक वृत्त तिथून हाकेच्या अंतरावर.

विमाने मात्र या दोऱ्यावरून तंतोतंत जात नाहीत. २०२२ नंतर अनेक पाश्चात्त्य कंपन्यांना रशियाचे आकाश बंद झाले आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली. असा वळसा पडला की किलोमीटर आणि इंधन दोन्ही वाढतात.

ताशी ९०० किमी वेग धरला तर गणिताने चौदा तास होतात. मुंबईहून थेट विमानाला न्यूयॉर्क गाठायला साधारण सोळा तास लागतात. परतीचा प्रवास सहसा लवकर होतो, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि तेव्हा ते पाठीशी असतात.

पुण्यातून अमेरिकेला थेट विमान नाही. लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ असून धावपट्टी जेमतेम अडीच किमीची आहे. पूर्ण इंधन भरलेल्या अवजड विमानाला ती अपुरी पडते. म्हणून पुणेकराचा प्रवास बहुधा द्रुतगती मार्गावरच सुरू होतो. पहाटे दोनच्या विमानासाठी तो आदल्या संध्याकाळी सहालाच घर सोडतो, कारण घाटात कधी कोंडी होईल याचा भरवसा नसतो आणि तीन तास आधी विमानतळावर पोचायचे असते. मुंबईपर्यंतचे दीडशे किमी चार तास खातात. म्हणजे हवेतल्या वेळेचा चौथा हिस्सा, अंतर मात्र त्याच्या ऐंशीव्या भागाहूनही कमी!

घड्याळातला फरक हिवाळ्यात साडेदहा तास, तर अमेरिकेत घड्याळे पुढे केलेली असताना, म्हणजे मार्च ते नोव्हेंबर, साडेनऊ तास असतो. त्यामुळे वरचा प्रवासी जानेवारीत विमानाच्याच तारखेला सकाळी साडेसातला उतरतो. त्या वेळी पुण्यात संध्याकाळचे सहा वाजलेले असतात आणि घर सोडून बरोबर चोवीस तास झालेले असतात.