‘नाही म्हणा’च्या तासामागचा इतिहास

26 जूनला अमली पदार्थविरोधी दिन आला की शाळांमधून शपथ होते, प्रभातफेरी निघते आणि एखादं व्याख्यान ठेवलं जातं. व्याख्यानात तोंडाच्या कर्करोगाचे फोटो असतात. मुलं तेवढ्यापुरती हबकतात. भीती दाखवून शिकवायची ही रीत एकोणिसाव्या शतकातली आहे, आणि ती एकटी पुरत नाही हेही कधीच दिसून आलंय.

अमेरिकेत मेरी हंट यांनी दारूबंदीवाल्या महिलांच्या संघटनेमार्फत शाळेत दारूविरोधी धडे सक्तीचे करण्याची मोहीम चालवली. 1882 मध्ये व्हरमाँटने कायदा केला आणि शतक पालटेपर्यंत बाकीची राज्येही त्या वाटेने गेली. पुस्तकांत अतिशयोक्ती भरपूर होती. तिचा तोटा आजही तोच आहे: पिणारा शेजारी धडधाकट दिसला की पुस्तकातल्या खऱ्या गोष्टींवरचाही मुलाचा विश्वास उडतो.

वळण आलं ते 1960 च्या दशकात. विल्यम मॅग्वायर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की विरोधी युक्तिवादाची सौम्य मात्रा आधीच दिली, तर माणूस पुढच्या जोरदार आग्रहाला टिकतो, लसीसारखंच. रिचर्ड इव्हान्स यांनी 1970 च्या दशकात ह्यूस्टनच्या शाळांत हे धूम्रपानाला लावून पाहिलं. मित्र सिगारेटचा आग्रह कसा करतात याच्या फिल्म मुलांना दाखवल्या. शिवाय लाळेचा नमुना तपासला जाणार हे कळल्यावर मुलं आपल्या सवयीबद्दल जास्त खरं सांगतात, हेही तिथेच लक्षात आलं.

1983 मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी ‘डेअर’ हे व्यसनाला नाही म्हणायला शिकवणारं शालेय शिक्षण सुरू केलं. गणवेशातला पोलीस पाचवी-सहावीच्या वर्गात आठवड्याला एक, असे 17 तास घ्यायचा. बघता बघता ते देशभर पसरलं. पालक खूश, शाळा खूश. पण 1999 मध्ये केंटकीतला अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा वर्षांपूर्वी हे तास केलेल्या आणि न केलेल्या मुलांमध्ये विशीत व्यसनाच्या बाबतीत फरक उरला नव्हता.

असं का झालं, याचं एक महत्त्वाचं उत्तर हॅन्सन आणि ग्रॅहम या संशोधकांच्या 1991 च्या अभ्यासात आहे. नुसता नकाराचा सराव करून घेतला तर फरक पडला नाही; ‘सगळेच करतात’ हा गैरसमज दूर केला तिथे पडला. आमच्या मते हा तास घेणाऱ्या प्रत्येकाने आधी हे वाचावं. रोज नकाराचीच तालीम केली, तर आग्रह करणारे गल्लोगल्ली आहेत असाच मुलांचा ग्रह होऊ शकतो.

गैरसमज काढण्याचा व्यायाम साधा आहे. सगळ्यांना सारख्या कोऱ्या चिठ्ठ्या द्यायच्या, नाव नाही. पहिल्या ओळीत अंदाज: आपल्या वयाच्या 100 मुलांपैकी किती जण तंबाखू खातात? दुसऱ्या ओळीत स्वतःबद्दल: गेल्या 30 दिवसांत खाल्ली का, हो की नाही. घडी घालून डबा, मोजणी वर्गाबाहेर, आणि पुढच्या तासाला फळ्यावर दोन आकडे शेजारी शेजारी. बहुतेक वेळा अंदाज खऱ्या आकड्यापेक्षा मोठा निघतो, आणि मग चर्चा मुलंच करतात. बिघडतं कुठे? वर्ग वीस जणांचा असला आणि दोन ‘हो’ आले, तर ते दोघे कोण हे सगळे ताडतात. म्हणून तुकड्या एकत्र मोजाव्यात. खरा आकडाच मोठा निघाला तर तो फळ्यावर मांडू नये, नाहीतर ‘सगळेच करतात’ला शाळेचाच शिक्का बसतो.

नकाराचा सराव घेतानाही आग्रह करणाऱ्याची भूमिका शिक्षकाने स्वतः करावी. ती चुणचुणीत मुलाला दिली की टाळ्या त्यालाच पडतात.

मानसशास्त्रज्ञ गिल्बर्ट बॉटविन यांच्या शाळांसाठीच्या जीवनकौशल्य कार्यक्रमात पहिल्या वर्षी 15, दुसऱ्या वर्षी 10 आणि तिसऱ्या वर्षी 5 तास असतात. पुढच्या वर्षांची उजळणी गाळली की परिणाम ओसरतो. संयुक्त राष्ट्रांच्या 2013 च्या निकषांनीही हीच दिशा धरली: प्रशिक्षित व्यक्तीने घेतलेले दहा-पंधरा साप्ताहिक तास उपयोगी पडतात, कोरडं व्याख्यान, भीती आणि व्यसनमुक्त माणसाची कहाणी एवढ्यावर भागत नाही. आपल्याकडे दिल्ली आणि चेन्नईतल्या 32 शाळांत ‘मैत्री’ प्रकल्प झाला. वर्गातल्या उपक्रमांबरोबर मुलांमधूनच निवडलेले म्होरके त्यात होते, आणि तंबाखूचा वापर वाढण्याला त्याने आळा बसला.

महाराष्ट्रात मात्र अमेरिकन पाठ जसाच्या तसा चालत नाही. तिथला प्रसंग पार्टीतल्या मित्राचा. इथे विदर्भात पन्नीत घोटलेला खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) चौकात मिळतो, अनेक घरांत आजी मिश्री लावते, आणि मुलाच्या हातात तंबाखू पहिल्यांदा येते ती बहुधा ‘जा रे, पुडी घेऊन ये’ म्हणून. मोठ्यांना तोंडावर नाही म्हणणं मुलाला जड जातं. म्हणून त्याच्या तोंडी कायदा द्यावा. 2003 च्या तंबाखू कायद्यानुसार 18 वर्षांखालच्यांना आणि शाळेपासून 100 यार्डांच्या आत विक्रीला बंदी आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 77 नुसार मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. सरावाचं वाक्य असं: ‘काका, आम्हा मुलांना पुडी विकायला बंदी आहे, दुकानदारावर केस होते. दुसरं काही आणायचं असेल तर सांगा.’ हे वाक्य प्रत्येक मुलाने स्वतः मोठ्याने, किमान दोनदा म्हणावं.