सेट (क्रियापद)

इंग्रजीतलं अगदी रोजचं क्रियापद, मूळ अर्थ बसवणे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत या एकट्याचे सुमारे ४३० अर्थ दिलेत, तेव्हा त्यातली सगळ्यात लांब नोंद हीच होती, पुढच्या आवृत्तीच्या कामात मात्र तो मान रनकडे गेला.

जुन्या इंग्रजीत रूप सेट्टन, म्हणजे सिटचं प्रयोजक. आपलं बसणे-बसवणे तसंच, आणि ही जोडी डोक्यात ठेवली की निम्मे अर्थ आपोआप उलगडतात, कोंदणात हिरा बसवणे, निखळलेलं हाड बसवणे, दोन्हीकडे सेटच. सिटचं नातं संस्कृत सद् धातूशी (सदन, संसद, परिषद त्यातलेच), पण मराठी बसणे आलं उपविश् वरून, जुनं रूप बैसणे, म्हणजे अर्थ जुळला तरी धातू वेगळा, इथे लोक हमखास गोंधळतात. खरा घोळ नामाचा आहे. डब्यांचा सेट, गणितातला संच हा अर्थ काहीजण क्रियापदातूनच काढतात, काहीजण लॅटिन सेक्टा म्हणजे अनुयायांचा गट, तिथून जुन्या फ्रेंचमार्गे आला म्हणतात; दोन शब्द एकमेकांत मिसळले हे जास्त पटतं. सूर्य मावळण्याचा अर्थ साधारण तेराव्या शतकाच्या मध्यापासून दिसतो, बहुधा स्कँडिनेव्हियन भाषांच्या वळणाने, तरी जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला सेटलगँग म्हणजे आसनाकडे जाणं असा शब्द होताच.

मराठीत एकाच शब्दाने भागत नाही, तारीख ठरवतो, सापळा लावतो, पानं मांडतो. ठाणे शहरात बोलताना अलार्म, डोक्यावरचे केस, नोकरी सगळंच सेट. सेटिंग म्हणजे वशिला, तो वेगळाच. सेट परीक्षेचा इथे संबंध नाही, ती आद्याक्षरं.

सगळ्यात नेमका वापर बांधकामावरचा. घोडबंदर रोडला कुठल्याही साइटवर स्लॅब ओतला की मिस्त्री अंगठा दाबून बघतो आणि म्हणतो, 'सेट होतंय', वाळतंय म्हणत नाही, आणि तेच बरोबर आहे, कारण सिमेंट वाळून नाही तर पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. साध्या सिमेंटला भारतीय मानकाप्रमाणे सुरुवातीचा सेट ३० मिनिटांच्या आत येता कामा नये आणि शेवटचा ६०० मिनिटांच्या आत यायला हवा, फार लवकर सेट होऊ नये म्हणूनच दळताना त्यात जिप्सम घालतात. ट्रॅफिकमध्ये मिक्सरची गाडी अडकली तर आतच सेट होऊ नये म्हणून रिटार्डर नावाचं रसायन असतं. सेट झालं म्हणजे ताकद आली असं नाही, ती २८ दिवसांची मोजतात, म्हणून दुसऱ्या दिवसापासून स्लॅबवर आळी (छोटे बांध) करून पाणी भरून ठेवायचं.