फ्लोरिडाचा 'स्टेट चॅम्पियन' ठरतो कसा? फ्लोरिडा कपामागचा इतिहास

२०२५ च्या अमेरिकन कॉलेज फुटबॉल सीझनमध्ये मायामी युनिव्हर्सिटीने आधी गेटर्सना (युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडाची टीम) २६-७ आणि मग सेमिनोल्सना (फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीची टीम) २८-२२ हरवून फ्लोरिडा कप सलग दुसऱ्यांदा नेला, त्यामुळे 'स्टेट चॅम्पियन' हा शब्द परत सगळ्यांच्या तोंडी आलाय. हा शब्द कपापेक्षा खूप जुना आहे आणि सगळा घोळ तिथेच होतो.

कप २००२ चा. राज्यातल्या खेळांचा प्रसार करणाऱ्या एका संस्थेने तो सुरू केला आणि तेव्हाच्या गव्हर्नरांचाही त्याला पाठिंबा होता. नियम एकच, या तिन्ही टीम्स एकमेकांशी एकाच सीझनमध्ये खेळल्या तरच कप द्यायचा, बोल गेम (सीझनच्या शेवटी होणारी खास मॅच) धरली तरी चालेल. २००४ मध्ये तसंच झालं, गेटर्स आणि मायामी थेट पीच बोलमध्ये भेटले, मायामी २७-१० जिंकलं आणि लागोपाठ तिसरा कप त्यांचा झाला.

पण कॉन्फरन्सच्या (कॉलेज टीम्सच्या लीगच्या) टेबलमध्ये 'स्टेट चॅम्पियन' या टायटलला जागा नाही. कप येण्याआधी हा नुसता मानाचा प्रश्न होता. सेमिनोल्सचं कॉलेज १९४७ पर्यंत मुलींचं होतं, त्यामुळे त्यांची टीमच उशिरा आली, आणि गेटर्स त्यांच्याशी खेळायलाच तयार नव्हते. प्रकरण राज्याच्या विधिमंडळापर्यंत गेलं आणि शेवटी १९५८ मध्ये पहिली मॅच झाली, गेटर्स २१-७. १९६६ ची मॅच तर सेमिनोल्सवाले अजून विसरलेले नाहीत. शेवटच्या काही सेकंदांत एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाचा, स्कोअर होतो तो पट्टा) घेतलेला कॅच रेफरीने बाहेर दिला, गेटर्स २२-१९ जिंकले, आणि नंतर छापून आलेल्या फोटोंत खेळाडू आत असल्यासारखा दिसत होता. ती मॅच धरायची कशी, यावर जुन्या मंडळींचं आजही एकमत नाही.

खरा घाव मात्र १९८७ चा. गेटर्स आणि मायामी १९४४ पासून दरवर्षी खेळत होते, आणि त्या सीझननंतर गेटर्सनी ही वार्षिक मॅच बंद करून टाकली. कारण असं दिलं की कॉन्फरन्सच्या मॅचेस वाढल्या, शेड्यूलमध्ये जागा उरली नाही. मॅचेस वाढल्या हे खरंच आहे. पण सेमिनोल्सशी दरवर्षी खेळायला जागा राहिली ना, मग मायामीचाच नंबर का कापला? शेवटच्या मॅचमध्ये मायामीने त्यांना ३१-४ धुतलं होतं आणि त्याच सीझनला मायामी नॅशनल चॅम्पियन झालं, हे बाजूला ठेवून तो निर्णय समजून घेता येतो असं मला तरी वाटत नाही. गेटर्सचे लोक म्हणतात आम्ही घाबरलो नव्हतो, १९८३ मध्ये आम्हीच मायामीला २८-३ आणि सेमिनोल्सना ५३-१४ हरवलं होतं, आणि तेही बरोबर आहे, त्या वर्षी राज्य गेटर्सचं आणि देश, म्हणजे नॅशनल टायटल, मायामीचं अशी अवस्था होती.

त्या एका निर्णयाने तिघांचं वर्तुळ तुटलं. सेमिनोल्स दोघांशीही खेळत राहिले, १९९१ मध्ये त्यांची किक उजवीकडून बाहेर गेली आणि मायामी १७-१६ ने सुटलं, ही असली मॅच ज्या काळात होत होती त्याच काळात गेटर्स-मायामी मॅच शेड्यूलमध्ये नव्हती. मग दोघांनी सेमिनोल्सना हरवलं की दोघेही स्वतःला स्टेट चॅम्पियन म्हणायचे, आणि एकमेकांशी न खेळलेल्या दोघांपैकी कुणाचं खरं मानायचं?

२००५ ते २०२३ या एकोणीस सीझन्समध्ये तिघं एकमेकांशी खेळले फक्त तीनदा: २००८ आणि २०१९ मध्ये कप गेटर्सकडे, २०१३ मध्ये सेमिनोल्सकडे. २०२४ आणि २०२५ धरून मायामीचे पाच झाले, गेटर्सचे दोन, सेमिनोल्सचा एक. बाकीच्या सोळा सीझन्समध्ये कप कुणालाच नाही, तरी गेटर्स-सेमिनोल्स मॅच झाली त्या त्या वर्षी ती जिंकणारे 'स्टेट चॅम्प्स' म्हणून मिरवलेच.